दोंडाईच्याचा दमचोर

ध्येय हा शब्द मी नोकरीत असताना जितक्या वेळा ऐकला, तितक्या वेळा शिट्टीही फुंकली नसेल. मी हायस्कुलात ड्रिल मास्तर होतो, आधी जळगावला आणि मग धुळ्याला. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं आणि जो तो भाषण करायला मोकळा झाला होता. क्रीडासंमेलन म्हटलं की एक मंडप, एक पाहुणा आणि पाहुण्याच्या तोंडी ध्येय. मुलं उन्हात रांगेत उभी. पाहुणे विचारणार, "तुमचं ध्येय काय?" मुलं ओरडणार, "विजय!" पाहुणे खूश, हेडमास्तर खूश, आणि मागच्या रांगेत दोघं-तिघं चक्कर येऊन पडलेले. त्यांना उचलून सावलीत नेणं हे काम ड्रिल मास्तरचं.

आता या दिवाळी अंकाच्या संपादकांनाही तेच हवं आहे. "खेळाडूंनी ध्येय कसं ठेवावं, यावर तरुणांना चार शब्द सांगा," म्हणतात. चार शब्दांत भागत असतं तर मी मैदानावर इतकी वर्षं काय माती चाळत होतो? तेव्हा उपदेश मागू नका. जे पाहिलं ते सांगतो. कोणाला बोचलं तर बोचू दे, मी आता पेन्शनीत आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, ड्रिल मास्तर म्हणजे 'दहिने मूड' आणि छडी. खरं काम वेगळं असतं. समोरच्या गड्याला आज संध्याकाळपर्यंत नेमकं काय करायचं ते सांगायचं. ते त्याच्या स्वतःच्या हातापायांनी होण्यासारखं हवं. झालं की नाही हे त्यालाही कळलं पाहिजे आणि मलाही. ते जमलं की उद्याचं थोडं अवघड करायचं. बस, एवढीच विद्या. ती सांगितली की लोकांची तोंडं पडतात, कारण हिच्यात टाळ्यांचं वाक्य कुठेच येत नाही.

जळगावच्या शाळेच्या कमिटीवर एक शेठजी होते. कापसाचे व्यापारी, मूळचे मारवाडचे, मन मोठं. एका वर्षी त्यांनी मला बोलावून सांगितलं, "मास्तरजी, या साली रिलेची ढाल आपल्याकडे आली पाहिजे. बस, मला दुसरं काही ऐकायचं नाही." आणि नुसतं सांगून थांबले नाहीत, ढालीसाठी काचेचं कपाट करवून घेतलं आणि हेडमास्तरांच्या खोलीबाहेर आणून ठेवलं. रिकामं. पोरं येता-जाता त्या कपाटाकडे बघायची. मी त्यांना काठी कशी द्यायची, हात कुठे ठेवायचा, मागे न बघता कसं घ्यायचं ते शिकवत होतो आणि त्यांच्या डोक्यात ते कपाट. शर्यतीच्या दिवशी आमचा शेवटचा गडी पुढे होता. वळणावर मंडपाकडे त्याची नजर गेली, टेबलावर ढाल चकाकत होती, आणि काठी हातातून निसटली. शेठजींनी मला बाजूला घेऊन गंभीरपणे विचारलं, "मास्तरजी, ध्येयात कुठे कमी पडलं?" मी काय सांगणार, कपाळ? पुढे त्या कपाटात खडूचे डबे ठेवू लागले.

धुळ्याला बदलून आलो तर तिथे याच्यावर कडी. तिथले एक नामांकित वकील, त्यांना सगळं गाव भाऊसाहेब म्हणायचं. कोणत्याही मंडळाचे अध्यक्ष तेच. त्यांचा मुलगा उंच उडीत बरा होता. भाऊसाहेबांनी घरच्या अंगणात दोन खांब रोवले आणि प्रांतातला पहिला नंबर जिथे उडी मारतो तिथे दोरी बांधली. "मुलासमोर सर्वोच्च ध्येय हवं, मास्तर. खालचं दाखवलं की तो खालीच रमतो." पोरगा रोज सकाळी धावत यायचा आणि दोरीच्या खालून जायचा. काही दिवसांनी तो खालून जाण्यात इतका तरबेज झाला की डोक्याला दोरी लागेनाशी झाली. भाऊसाहेब व्हरांड्यात बसून चहा पीत हे बघायचे आणि म्हणायचे, "चिकाटी आहे, बघा." शाळेत मी उडीची आडवी काठी तो सहज उडी मारतो त्याच्याही खाली लावली, तेव्हा त्याला हसू फुटलं. मग बोटभर वर, मग पुन्हा बोटभर. त्या वर्षी पोरगा तालुक्यात पहिला आला आणि सत्काराला भाऊसाहेबांनी अंगणातल्या त्या दोरीवर अर्धा तास भाषण केलं. ही मंडळी अशी. यांची नावं मी घेत नाही, कारण आता त्यांची नातवंडं अध्यक्ष आहेत.

पण हे सगळे वरवरचे नमुने झाले. चुकीच्या ध्येयाची खरी मजा मी एका खेड्यात पाहिली, आणि तिथे कोणी वकील नव्हता की शेठ नव्हता. अख्ख्या गावाचंच मोजमाप चुकलं होतं.

एकदा दिवाळीनंतर दोंडाईच्याला हुतुतूचे सामने होते आणि मला पंच म्हणून बोलावलं होतं. आजकाल सगळे कबड्डी म्हणतात, तेव्हा आमच्याकडे हुतुतूच म्हणत. नव्या पोरांसाठी सांगतो. मधे रेघ, तिला पाटी म्हणायचं; दोन्ही बाजूंना गडी. एकाने 'हुतुतू' म्हणत दुसऱ्याच्या अंगणात शिरायचं, एखाद्याला शिवायचं आणि त्याच दमात पाटी ओलांडून परत यायचं. शिवलेला बाद. मधे दम तुटला किंवा समोरच्यांनी त्याला धरून ठेवलं, तर चढाई करणारा बाद. म्हणजे दम हा नुसता जाण्या-येण्याचा खर्च. दमाचे गुण मिळत नाहीत.

त्या सामन्यात जवळच्या एका खेड्याचा गडी उतरला. उंच, रुंद छातीचा, वय विशीचं. तो चढाईला निघाला की लोक उठून उभे राहायचे. काय त्याचा दम! 'हुतुतू' असं सुरू व्हायचं की संपायचंच नाव नाही. समोरच्यांच्या अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचा, पुन्हा फिरायचा, आणि शेवटच्या थेंबाला पाटीवर येऊन आडवा पडायचा. लोक टोप्या उडवायचे. दोघं जण त्याला उठवून उभं करायचे. मी पंच म्हणून बघत होतो. सबंध सामन्यात त्याने किती जणांना शिवलं? एकालाही नाही! त्याचा संघ सपाटून हरला आणि तरी गाव त्याला खांद्यावर घेऊन निघालं.

मी त्यातल्या एका म्हाताऱ्याला विचारलं, "अहो, हा कोणाला शिवत का नाही?" त्याने माझ्याकडे दयेने बघितलं. "मास्तर, दम देखा ना तेना! असा दम बठ्ठा खानदेशमा नही."

मग कळलं ते असं. त्या गावात अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, एक चाल होती. मारुतीच्या पारापाशी उभं राहायचं, 'हुतुतू' म्हणत एका दमात गल्लीने चालत सुटायचं, आणि दम तुटेल तिथे त्या माणसाच्या नावाचा दगड ठेवायचा. ज्याचा दगड लांब तो गावाचा पहिला गडी. या पोराचं नाव हिरामण. त्याच्या आधी सगळ्यांत लांबचा दगड त्याच्याच बापाचा होता. हे मोजमाप पारावरून उचलून त्या शहाण्यांनी जसंच्या तसं मैदानात आणलं होतं. जो अंगात दम शिल्लक ठेवून पाटीवर परत येईल त्याला ते म्हणायचे दमचोर. गावात याहून वाईट शिवी नव्हती. आता शत्रूच्या घरात शिरून, हाताला काहीही न लागता, धापा टाकत परत येणाऱ्याला शूर म्हणणारं गाव म्हणजे काय म्हणावं? पण पोरांची छाती फुगायची आणि गाव दर वर्षी हरायचं. हरल्याचं दुःख कोणाला नसायचं.

मी स्टेशनाकडे निघालो तर हिरामण मागून आला. एकटाच. म्हणाला, "गुरुजी, धुयामा मोठा सामना शेतस ना? तठे माले खेयानं शे."

"मग खेळ की."

तो म्हणाला, "एक खातं गडी भरती करी राह्यनं. साहेब देखाले येनार शे. माले तठे लागानं शे, गुरुजी. आते मी जीनमा शे."

म्हणजे खेळाच्या जोरावर त्याला सरकारी खात्यात नोकरीला लागायचं होतं. जीन म्हणजे जिनिंग, जिथे कापसातून सरकी वेगळी काढतात. हंगामात दिवसभर आत कापसाची बारीक धूळ उडत असते. भिंती पांढऱ्या, भुवया पांढऱ्या, नाकातोंडात तीच. हिरामणचा बाप त्याच जीनमध्ये वर्षानुवर्षं होता. "आबा आते पानीनी बादली धरीसन आंगनमा येस ते बसी जास," हिरामण म्हणाला. "मना दम बी तठेच जाई. त्याना आगोदर माले निंघानं शे." बोलताना तोही मधेच खाकरला आणि तोंड फिरवून उभा राहिला. मला त्याच्या कोरड्या खोकल्याची भीती वाटली, हे खरंच सांगतो. विशीतल्या माणसाचा तो खोकला नव्हता.

मग सुट्टीच्या दिवशी तो कापसाच्या गाठींच्या ट्रकवर बसून धुळ्याला यायचा आणि शाळेच्या मैदानावर मी त्याला घ्यायचो. पहिल्या दिवशी मी विचारलं, "तुझं ध्येय काय?" (माझ्याही तोंडून हा शब्द निघाला, संगतीचा गुण.) तो ताठ उभा राहून म्हणाला, "साहेबना समोर असा दम लावसू की तेना डोया पांढरा व्हतीन." मी म्हटलं, बाबा रे, डोळे पांढरे व्हायची पाळी तुझी आहे, साहेबाची नाही. साहेब तुझा दम घेऊन काय करील? त्याला माणसं बाद करणारा गडी पाहिजे.

मी त्याला पहिलं काम दिलं ते असं. कोणालाही शिवायचं नाही. पलीकडची रेघ ओलांडायची, परत यायचं, आणि पाटी ओलांडल्यावर त्याच दमात आपलं, बापाचं आणि गावाचं नाव मला सांगायचं. तेवढं बोलण्यापुरता दम अंगात उरलाच पाहिजे. उरला नाही तर ती चढाई फुकट, मग ती कितीही लांब असो.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गुरुजी, हाई ते चोरी शे."

"कोणाची?"

 आंगमा दम शे तरी मांगे फिरानं, लोके काय म्हनतीन, एवढंच तो पुन्हा पुन्हा बोलत राहिला. इतका धट्टाकट्टा गडी, पण लोक काय म्हणतील या तीन शब्दांनी त्याचे पाय बांधले होते. पहिले काही रविवार तो जायचा आणि तिकडेच रेंगाळायचा, आणि पाटीवर येऊन 'हिरा' एवढं म्हणून दम तुटायचा. मी म्हणायचो, "बाप राहिला, गाव राहिलं. पुन्हा." तो चिडायचा. मीही चिडायचो. एका दिवशी मात्र तो पाटी ओलांडून आला आणि एका दमात म्हणाला, "हिरामण लोटन," आणि गावाचं नाव. स्वतःच चकित होऊन माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं होतं, दम उरला की माणूस हलका पडतो, लाज वाटते. तसलं काही झालं नाही. उलट उभ्याउभ्या पुन्हा चढाईला जायला तो तयार होता.

मग दुसरं काम. तसंच जायचं, पण टोकाच्या एकाच गड्याच्या पायाला पाय लावायचा आणि नावं सांगायला परत यायचं. दुसऱ्या कोणाकडे बघायचं नाही. मग डावीकडचा, मग उजवीकडचा. कोपऱ्यात कसं वळायचं, कोणाच्या हाताच्या टप्प्यात जायचं नाही, हे त्याला आता सांगावं लागेना, कारण डोकं चालवायला अंगात हवा शिल्लक होती. दम संपलेल्या माणसाला विचार करता येत नाही, हे शेतातल्या बैलालाही कळतं. आमच्या व्याख्यात्यांना मात्र कळत नव्हतं. मी सामना जिंकण्याची गोष्ट त्याच्यापाशी कधी काढलीच नाही. बाकीचे सहा गडी कसे खेळतील, पंच कोण असेल, हे त्याच्या हातात होतं का? पायाला पाय लावून नावं सांगत परत येणं हातात होतं.

सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी माझ्या दारात एक माणूस आला. हाडं तेवढी मोठी, बाकी सगळं वाळलेलं. ओट्याला धरून धापा टाकत उभा राहिला. मी पाणी दिलं.

"मी लोटन," तो म्हणाला. "हिरामणना बाप."

"बसा आबा."

"बसाले नही उनू. मना पोऱ्या चोर शे का, मास्तर?"

मी म्हटलं, नाही.

"मंग तेले दमचोर काब्र करी राह्यनात? बठ्ठा गाव म्हनस, लोटनना पोऱ्या शहरमा जाईसन दम चोराले शिकना. मी पारवर तोंड दखाडू कसं?" एवढं बोलला आणि खोकला आला. ओट्यावर बसावंच लागलं. खोकला थांबायला इतका वेळ लागला की आतून माझी बायको बाहेर येऊन बघून गेली.

मला राग आला होता. आजारी माणसावर रागावू नये म्हणतात, मी रागावलो. "आबा, मोटार स्टँडपासून इथवर येताना रस्त्यात किती जागी बसलात?"

तो दुसरीकडे बघू लागला. "मोजं नही."

"तुमचा दगड एके काळी गावात सगळ्यांत लांब होता ना? तो दम गेला कुठे? हुतुतूत गेला?"

"जीनमा गया," तो हळूच म्हणाला.

"आणि पोराचा कुठे जायचा आहे?"

त्याने पाण्याचं भांडं उपडं ठेवलं, टोपी सारखी केली आणि "सकाय देखसू" म्हणून निघून गेला. त्याला पटलं की नाही, मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मैदानावर गर्दी मावत नव्हती. हिरामणचं गाव आपल्या संघाबरोबर भाड्याची लॉरी करून आलं होतं. अध्यक्ष अर्थात भाऊसाहेब. सामना सुरू होण्याआधी ते उठले आणि आपल्याला रात्री सुचलेली कल्पना त्यांनी जाहीर केली. सर्वांत लांब दम लावणाऱ्या गड्याला स्वतःच्या खिशातून चांदीचा प्याला! "ध्येय उच्च ठेवा, मित्रांनो!" मी कपाळावर हात मारला. ज्या खुळापासून पोराला सोडवायला मी इतके रविवार घालवले, त्याला या गृहस्थाने चांदीचा मुलामा दिला. लॉरीतली मंडळी तर नाचायलाच लागली. "हिरामण, प्याला आपला शे!" खात्याचे साहेब पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते, तेही कौतुकाने मान हलवत होते.

हिरामणने माझ्याकडे बघितलं. मी पाटीकडे बोट केलं.

पहिल्या चढाईला तो गेला, टोकाच्या गड्याच्या पायाला टाच लावली आणि परत आला. गडी बाद. गावाकडून टाळी नाही. दुसऱ्यांदा गेला, उजवीकडचा बाद. तेव्हा लॉरीजवळून पहिली आरोळी आली, "दमचोर!" मग ती पसरली. "ए हिरामण, दम कोनाकरता ठी राह्यना?" "बापनं नाव बुडाडं!" समोरचे गडी बाद होत होते आणि त्याचेच लोक त्याला शिव्या देत होते. असला तमाशा मी नंतर कधी पाहिला नाही. पुढच्या चढाईत तो बिथरला. तिकडेच फिरत राहिला, फिरत राहिला, लोक ओरडून ओरडून लाल झाले, आणि त्याला दोघांनी धरून पाडला. बाद. तेवढ्यावरही टाळ्या पडल्या!

लोटन आबा गावाच्या घोळक्यात नव्हता. तो पाटीच्या टोकाशी, दोरीला लागून, मातीत बसला होता. समोरचा एक गडी बाद झाला तसा हिरामण जिवंत होऊन पुन्हा आत आला आणि त्याची पाळी आली, तेव्हा तो त्या टोकाने गेला. डावीकडच्याला शिवला, अंग चोरून सुटला आणि बापाच्या अगदी समोर पाटी ओलांडली. लोक "दमचोर" म्हणून कोकलत होते. आणि पोरगा तोंडातल्या तोंडात, त्याच दमात, सवयीने म्हणाला, "हिरामण लोटन..." आणि गावाचं नाव. मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं. आबालाही आलं. त्याने मान वर केली. त्यानंतर आबा लोकांकडे पाठ करून बसला आणि पोराची प्रत्येक चढाई ओठ हलवत बघत राहिला.

सामना आम्ही हरलो. हिरामणने जितके बाद केले तितके बाकीच्यांनी उदारपणे परत दिले. चांदीचा प्याला समोरच्या संघातल्या एका लठ्ठ गड्याला मिळाला. त्याने सबंध सामन्यात कोणाला शिवलं नव्हतं, पण आवाज मोठा होता. भाऊसाहेबांनी त्याला मिठी मारली.

मी हिरामणला घेऊन साहेबांच्या खुर्चीपाशी गेलो. माझ्या मते हे नुसतं विचारायचं राहिलं होतं. एकाच गड्याने समोरचं अंगण अर्धं रिकामं करून दाखवलं होतं, आणखी काय पाहिजे?

साहेब म्हणाले, "मास्तर, तुमचा गडी चपळ आहे. पण दम कमी पडतो त्याचा. जातो की लगेच परत येतो. आम्हाला दमदार माणूस पाहिजे."

"साहेब, त्याने बाद किती केले ते पाहिलंत का?"

"ते पाहिलं हो. पण त्याच्या गावचेच लोक ओरडत होते ना, दमचोर म्हणून? त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असणार."

शिकलेला माणूस, सरकारी टोपी, समोर डोळ्यांदेखत खेळ झालेला, आणि निवड करणार लॉरीतल्या आरोळ्यांवरून! माझ्या तोंडाशी असं काही आलं होतं की बोललो असतो तर माझीही नोकरी गेली असती. हिरामण खाली मातीकडे बघत होता. त्याच्या हाताच्या मुठी वळल्या होत्या आणि तो परत जीनमध्ये गेल्यासारखाच दिसत होता.

इतक्यात मागून आबा पुढे आला. टोपी काढून हातात घेतली. गावची मंडळीही प्याला गेल्याच्या रागात तिथेच घुटमळत होती.

"साहेब," आबा म्हणाला, "गावमा मोठा दम मना व्हता. या लोकेस्ले इचारा. मना दगड कोठे व्हता ते हाई सांगतीन."

 मग आबाने छाती भरून घेतली आणि तिथेच, खुर्चीसमोर, 'हुतुतू' सुरू केलं. सूर अजून जुन्या गड्याचा होता. दोन पावलं गेला. तिसऱ्या पावलाला आवाज फाटला आणि तो गुडघ्यांवर हात टेकून वाकला. खोकल्याने त्याचं अंग हलत होतं. हिरामण धावला, तर आबाने हाताने त्याला लांब ठेवलं. 

बऱ्याच वेळाने आबाने मान वर केली.

"तेना दम बाकी शे, साहेब," तो म्हणाला. "सरना तो मना."

साहेब खुर्चीवरून उठून उभे राहिले. त्यांनी हिरामणला नाव विचारलं आणि बरोबरच्या कारकुनाला ते लिहून घ्यायला सांगितलं. पुढच्याच महिन्यात हिरामण कामावर रुजू झाला. कामही उघड्या हवेतलं होतं. पुढे कित्येक वर्षं तो त्या खात्याकडून खेळला.

त्या संध्याकाळी भाऊसाहेब माझ्याजवळ येऊन म्हणाले, "पाहिलंत मास्तर, ध्येय असलं की मार्ग निघतो." मला लॉरी गाठायची होती. गाव चढत होतं. आबा खाली उभा होता. मी म्हटलं, "आबा, आज राहा माझ्याकडे. पोराचं काम झालं, गोडधोड करू. उद्या डॉक्टरला दाखवू."

"नही मास्तर," तो म्हणाला. "सकाय जीन चालू शे. हंगाम शे ना."

त्याला लॉरीचा फळका चढवेना. हिरामणने एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने धरून त्याला वर चढवलं.